सरळ मारायला जातो आणि चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे: वारंवार होणाऱ्या तक्रारीवर इलाज

ही तक्रार गोल्फ खेळणाऱ्या कोणाच्याही तोंडून ऐका, गोष्ट साधारण एकच असते. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू बरे जातात. कोर्सवर पहिल्याच टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, चेंडू उजवीकडच्या झाडीत. पुढच्या टीवर माणूस मनाशी ठरवतो, जरा डावीकडे रोख धरू. नेमका तोच चेंडू डावीकडे निघतो आणि आणखी डावीकडे वळून दिसेनासा होतो. ‘एकाच बाजूला चुकत असतो तर काही इलाज तरी केला असता, पण माझा चेंडू दोन्हीकडे जातो,’ असं म्हणत तो परत रेंजवर जातो आणि आणखी मन लावून सरळ मारायचा सराव करतो.

माझी सात-आठ वर्षं अशीच गेली. मधे एकदा दुसरं टोकही गाठलं. सरळ जमत नाही ना, मग प्रत्येक चेंडू मुद्दाम वळवायचा. झेंडा डावीकडे असला की ड्रॉ (डावीकडे वळणारा चेंडू), उजवीकडे असला की फेड (उजवीकडे वळणारा), वारा आला की खालून. त्या हंगामात स्कोअर जो वाढला तो सांगण्यासारखा नाही. आता मी जे करतो ते या दोन्हींच्या मधलं आहे, पण ते पटायला आधी चेंडू वळतो कसा हे नीट कळावं लागतं. त्याशिवाय पुढचे इलाज म्हणजे अंधारात बाण.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं. त्यांना ती सवय असतेच.)

आधी जुना समज काढून टाका

बऱ्याच जणांना शिकवलेलं असतं की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा भाग, जिकडे बघत असेल तिकडे वळतो. कित्येक वर्षं सगळे हेच मानत होते. 2003 साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमॅनसारख्या रडार यंत्रांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं, तेव्हा हा समज मागे पडला. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. निघण्याच्या दिशेत ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) साधारण 85 टक्के आणि आयर्नला (मधल्या अंतरांचे क्लब) साधारण 75 टक्के वाटा फेसचा असतो, उरलेला स्विंगच्या मार्गाचा. आणि वळण ठरतं ते फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावरून. मार्गाच्या मानाने फेस उघडा असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, मिटलेला असेल तर डावीकडे.

क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. तेवढ्यात चेंडूला एकच फिरकी मिळते, मागच्या बाजूची. वेगळी ‘बाजूची फिरकी’ म्हणून काही नसतं. फेस आणि मार्ग जुळले नाहीत की या फिरकीचा आस कलतो आणि कलत्या आसाचा चेंडू विमानासारखा एका अंगावर झुकून वळत जातो. यात नवीन काही नाही. 1890च्या दशकात पीटर गथ्री टेट या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने गोल्फच्या चेंडूला हवेत धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे ही मागची फिरकी, हे गणिताने मांडलं होतं. त्याचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 साली ब्रिटिश ॲमॅच्युअर ही स्पर्धा जिंकला. घरात बाप गणित करतोय आणि पोरगा ट्रॉफी आणतोय, असं ते घर असणार.

तर पहिली दुरुस्ती डोक्यातली. चेंडू उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळला, तर ‘स्विंग बाहेरून आला’ असं म्हणायच्या आधी ‘फेस उघडा होता’ असं म्हणा. निघायची दिशा फेस सांगते. वळणावरून फेस आणि मार्ग यांचं भांडण किती आहे ते कळतं.

त्याच्याही आधी: चेंडू फेसवर लागला कुठे?

हे न तपासता पुढे जाऊ नका. मी दोन वर्षं तपासलं नव्हतं, आणि ती दोन वर्षं ज्या हुकवर (जोरात डावीकडे वळणाऱ्या चेंडूवर) उपाय करण्यात गेली तो मुळात हुक नव्हताच.

ड्रायव्हरच्या टोकाकडच्या बाजूला, म्हणजे टोला, चेंडू लागला की क्लबचं डोकं क्षणभर फिरतं आणि चेंडूला उलट्या बाजूची फिरकी देतं, दोन दातेरी चाकं एकमेकांना फिरवतात तशी. परिणाम असा की चेंडू डावीकडे वळतो. टाचेकडे, म्हणजे हीलला, लागला तर उजवीकडे. ड्रायव्हरचा फेस सपाट नसून किंचित फुगीर असतो तो यासाठीच. टोला लागलेला चेंडू आधी थोडा उजवीकडे निघावा आणि मग वळून परत यावा, अशी ती सोय. मधल्या बिंदूपासून अर्धा इंच इकडे-तिकडे लागलं तरी चांगल्या स्विंगचा फटका वाईट दिसतो. आयर्नमध्ये हा प्रकार फारच कमी असतो, कारण त्याचं वजन फेसच्या जवळच असतं.

तपासायचं कसं: व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर रुपयाएवढा ठिपका काढा आणि ठिपका फेसच्या बाजूला येईल असा चेंडू टीच्या खुंटीवर ठेवा. मारल्यावर फेसवर ठसा उमटतो. दहा चेंडू मारा, दर वेळी ठसा पुसून. ठसे टो ते हील असे पसरलेले असतील तर तुमचा प्रश्न वळणाचा नाही, चेंडूपासून उभं राहण्याच्या अंतराचा आणि तोलाचा आहे. तो सुटेपर्यंत ड्रॉ-फेड विसरा. चेंडू दोन्हीकडे जाण्याचं कारण बरेचदा इथेच सापडतं आणि स्विंगला हातही लावावा लागत नाही.

मग सरळ मारण्यात बिघडतं काय?

ठसे मधोमध येतात, तरी चेंडू दोन्हीकडे जातो. आता मुद्द्यावर येऊ.

समजा तुमचा स्विंगचा मार्ग अगदी लक्ष्याच्या रेषेत आहे, शून्य अंश. फेस दोन अंश उघडा राहिला. चेंडू उजवीकडे निघतो आणि आणखी उजवीकडे वळतो. पुढच्या वेळी फेस दोन अंश मिटला, तर डावीकडे निघून आणखी डावीकडे. 200 यार्डांच्या ड्राइव्हला वळणाची भर धरून हे साधारण पंधरा यार्डांच्या पुढे जातं. दोन अंश म्हणजे काय, तर घड्याळातल्या एका मिनिटाच्या जागेचा तिसरा हिस्सा. माणसाच्या हातून एवढं इकडे-तिकडे होणारच.

आता दुसरा माणूस घ्या. त्याचा मार्ग नेहमी चार अंश डावीकडे आणि फेस साधारण दोन अंश डावीकडे असतो. त्याचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत परत येतो, म्हणजे फेड. त्याचाही फेस दोन अंशांनी चुकला तर? उघडा राहिला तर फेस शून्यावर येतो, चेंडू जवळपास सरळ निघतो आणि जास्त वळतो. मिटला तर फेस मार्गाशी जुळतो आणि चेंडू डावीकडे सरळ जातो, वळतच नाही. चूक तेवढीच, पण त्याचा चेंडू डावीकडे वळत नाही.

इथे एक लोकप्रिय हिशोब सांगितला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. ‘फेअरवे (होलकडे जाणारी कापलेल्या गवताची पट्टी) तीस यार्डांचा असेल, तर मध्यावर रोख धरणाऱ्याला दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा यार्ड मिळतात, आणि फेड मारणारा डाव्या कडेवर रोख धरतो म्हणून त्याला पूर्ण तीस मिळतात.’ ऐकायला छान आहे. पण वरचं गणित नीट बघा. फेसची चूक दोघांची सारखीच आहे, त्यामुळे चेंडूंचा फैलावही जवळपास सारखाच रुंद होतो. फेडवाल्याचा न वळलेला चेंडू डाव्या कडेच्याही पलीकडे जाऊ शकतो. एकाच बाजूला वळवल्याने फैलाव जादूने अर्धा होत नाही.

मग फायदा कसला? सरळ मारणारा दर चुकीनंतर काहीतरी दुरुस्त करतो. उजवीकडे गेला म्हणून पुढच्याला हात जरा लवकर फिरवतो, तो डावीकडे गेला म्हणून त्याच्या पुढच्याला धरून ठेवतो. म्हणजे फेसची चूक होतीच, आता मार्गही दर फटक्याला बदलायला लागला. दोन गोष्टी एकाच वेळी हलायला लागल्या की कोणती चुकली ते कळत नाही आणि फैलाव खरोखरच वाढतो. एकाच वळणाचा खेळाडू सरळ गेलेल्या चेंडूकडे बघून म्हणतो, ‘आज फेस जरा लवकर मिटला,’ आणि पुढे चालायला लागतो. त्याला दुरुस्त करायला एकच गोष्ट असते, आणि बहुतेक वेळा तो तीही करत नाही.

सरळ मारणारे महारथी झालेच नाहीत असं नाही. कॅनडाचा मो नॉर्मन इतका सरळ मारायचा की त्याला ‘पाइपलाइन मो’ म्हणायचे. पण त्याची उभं राहायची तऱ्हा, त्याचे ताठ हात, त्याचा स्विंग, सगळंच जगावेगळं होतं, आणि त्याने आयुष्यभर मारलेल्या चेंडूंची गणती आपल्या आवाक्यातली नाही. बाकीच्या मोठ्या नावांकडे बघा. बेन होगन कारकिर्दीच्या सुरुवातीला हुकने हैराण झालेला होता, फेड हाती आल्यावर तो खरा होगन झाला. जॅक निकलस आणि ली ट्रेव्हिनो दोघेही फेडवरच जगले. ब्रूस लिट्स्की तर सराव न करण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याचा चेंडू नेहमी डावीकडून उजवीकडे यायचा, त्याने त्यात कधी ढवळाढवळ केली नाही, आणि पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, 13 स्पर्धा जिंकल्या. डस्टिन जॉन्सन मूळचा ड्रॉवाला. त्याने फेडला आपलंसं केलं आणि 2016 साली ओकमाँटला यूएस ओपन जिंकली.

इलाज: स्वतःचं वळण शोधणं

नवीन वळण शिकायला जाऊ नका. तुमच्या अंगात एक वळण आधीपासून आहे, तेच शोधायचं आहे.

7 नंबरचं आयर्न घ्या. जमिनीवर एक काठी लक्ष्याच्या रेषेत ठेवा. वीस चेंडू मारा आणि वहीत प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा: कुठे निघाला, कुठे वळला. काही दुरुस्त करायचं नाही. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड जातं. पाचव्या चेंडूपासून हात शिवशिवायला लागतात. तरी वीस पूर्ण करा.

वीसपैकी बारा-तेरा चेंडू एकाच बाजूला वळलेले दिसतील. तेच तुमचं वळण. बहुतेक हौशी खेळाडूंचं ते उजवीकडचं निघतं, आणि त्यांना त्याची लाज वाटते, कारण स्लाइस, म्हणजे उजवीकडचं मोठं वळण, ही नवशिक्याची खूण अशी समजूत आहे. पण स्लाइस आणि फेड यांच्यात फरक जातीचा नाही, प्रमाणाचा आहे. फेस आणि मार्ग यांच्यातली फट कमी करत आणली की स्लाइसचाच फेड होतो. त्यासाठी मार्ग शंभर टक्के बदलायला नको, फेस मार्गाच्या थोडा जवळ आणला की पुरतं. बहुतेकांना एवढ्यासाठी डाव्या हाताची पकड किंचित उजवीकडे फिरवणं पुरेसं होतं, वरून बघताना त्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसतील इतपत.

अंदाजाला एक साधं माप लक्षात ठेवा: फेस मार्गाच्या निम्म्यावर. ड्रॉसाठी मार्ग लक्ष्याच्या चार अंश उजवीकडे आणि फेस दोन अंश उजवीकडे. म्हणजे फेस लक्ष्याला उघडा पण मार्गाला मिटलेला. वाचताना डोकं गरगरतं हे कबूल. जमिनीवर दोन काठ्या ठेवून फेस त्यांच्यामध्ये धरून बघा, मिनिटभरात कळेल. असा आयर्नचा चेंडू साधारण अडीच अंश उजवीकडे निघतो. 150 यार्डांवर ते होतात साडेसहा यार्ड, आणि तेवढंच वळून तो परत येतो.

आता मुद्दाम वळवण्याची पाळी. टायगर वुड्सचा नऊ खिडक्यांचा सराव अनेकांनी ऐकला असेल: खालून, मधून, वरून आणि प्रत्येकात ड्रॉ, सरळ, फेड. आपल्याला नऊ नकोत. पण रेंजवर आठवड्यातून एकदा अर्ध्या स्विंगने मुद्दाम भयंकर हुक आणि मुद्दाम भयंकर स्लाइस मारून बघा, पाच-पाच चेंडू. कोर्सवर ते कधीच लागणार नाहीत. हाताला फेस उघडा आणि मिटलेला यांतला फरक कळावा, एवढ्यासाठी ते. ज्याला मुद्दाम हुक मारता येत नाही त्याला अचानक आलेला हुक कुठून आला हे कसं कळणार? माझ्या दोन्हीकडच्या चुका थांबल्या त्यात या दहा चेंडूंचा वाटा ड्रायव्हर बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा होता. (ड्रायव्हर मी दोनदा बदलला. घरी एकदाच सांगितलं.)

वळवायला गेलो आणि नेमकं उलट झालं

झाडाला वळसा घालायला गेलो आणि चेंडू झाडावरच आदळला. ही इतकी ठरलेली गोष्ट आहे की हिच्यावर थोडं थांबतो. समोर तीस यार्डांवर झाड, त्याच्या बरोबर मागे ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत. डावीकडून फेड मारून जायचंय. जुनी शिकवण अशी: फेस शेवटच्या लक्ष्यावर ठेवा, पाय आणि खांदे जिथून चेंडू निघायला हवा तिकडे वळवा आणि शरीराच्या रेषेत स्विंग करा. समजा शरीर दहा अंश डावीकडे वळवलं. तुम्हाला वाटतं चेंडू दहा अंशांवर निघेल, म्हणजे तीस यार्डांवर झाडाच्या मध्यापासून पाच यार्डांहून जास्त डावीकडून जाईल. पण चेंडू फेसचं ऐकतो. फेस झाडावरच रोखलेला आहे. आयर्नचा हिशोब केला तर चेंडू निघतो जेमतेम अडीच अंश डावीकडे. तीस यार्डांवर सव्वा-दीड यार्ड. खोडावरून चुकला तर फांदीत अडकतो.

इलाज: आधी चेंडू निघायला हवा ती रेषा ठरवा, आणि फेस त्या रेषेच्या जवळ ठेवा, लक्ष्यावर नाही. शरीर त्याहूनही डावीकडे. फेस सात अंश डावीकडे, मार्ग अकरा अंश डावीकडे, असं केलं तर चेंडू आठ अंशांवर निघतो आणि फेस मार्गाला चार अंश उघडा असल्याने वळून परत येतो. उभं राहिल्यावर वाटतं की आपण सगळं जंगल सोडून तिसरीकडेच बघतोय. तसं वाटलं तर बहुधा बरोबर उभे आहात.

फेडसाठी डावीकडे रोख धरला आणि चेंडू आणखी डावीकडे गेला. याला डबल क्रॉस म्हणतात आणि ज्याला एकदा झाला तो जन्मभर विसरत नाही. शरीर डावीकडे, पण डोकं लक्ष्याला चिकटलेलं. खाली येताना मन घाबरतं, हात फेस मिटवतात आणि फेस मार्गाच्याही डावीकडे जातो. यावर मला दोन गोष्टी लागू पडल्या. एक, डाव्या हाताची शेवटची तीन बोटं जरा घट्ट धरणं, म्हणजे मनगट उलटत नाही. दुसरी, एक क्लब जास्त घेणं. फेड वरून जातो आणि कमी पळतो, अंतर कमी पडेल या भीतीने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की फेस मिटतोच. क्लब मोठा असला की ती भीती उरत नाही.

ड्रॉचा हुक होतोय. निकलस आणि ट्रेव्हिनोसारखे लोक फेडकडे का वळले, याचं उत्तर इथे आहे. मिटलेल्या फेसचा चेंडू खालून जातो, फिरकी कमी, जमिनीवर पडल्यावर जास्त पळतो. चुकला की लांबपर्यंत चुकतो. ड्रॉ हुक व्हायला लागला की बहुतेक जण हात आणखी फिरवतात, ‘अजून रिलीज कर’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. नको. आधी बघा फेस लक्ष्याला मिटलेला तर येत नाही ना. चेंडू लक्ष्याच्या डावीकडेच निघत असेल तर तो ड्रॉ मुळात कधी झालाच नाही, कारण ड्रॉ उजवीकडून यायला हवा. शरीर आधी खूप फिरून मागे क्लब राहत असेल किंवा पकड जास्तच उजवीकडे गेली असेल, तर ती परत आणा.

वेज, म्हणजे जवळून उंच मारायचा क्लब, त्याचा चेंडू वळतच नाही. वळणारही नाही, आणि ते चांगलंच आहे. फेस आणि मार्गात तीनच अंशांचा फरक असेल तर ड्रायव्हरच्या चेंडूचा आस जितका कलतो त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच वेजच्या चेंडूचा कलतो, कारण लॉफ्टमुळे, म्हणजे फेस मागे कललेला असल्यामुळे, मागची फिरकी प्रचंड असते. मग कोणी म्हणेल, 2012 च्या मास्टर्सला बबा वॉटसनने प्लेऑफमध्ये दहाव्या होलला झाडांतून गॅप वेजने सुमारे चाळीस यार्ड वळवला तो कसा? फेस इतका मिटवून की वेजचा लॉफ्ट उरलाच नाही. तो ग्रीनवर आला, लुई ओस्थेझेनला हरवून बबाने विजेत्याचं हिरवं जाकीट घातलं. आपण तिथून शंभरदा मारले तर चेंडू बहुधा त्याच झाडांत शंभरदा सापडेल.

रफमधून, म्हणजे वाढलेल्या गवतातून, वळवायला गेलो आणि सरळ गेला. फेस आणि चेंडूच्या मधे गवत आलं की फिरकीच कमी लागते, मग वळण कुठून येणार. ओल्या फेसचंही तेच. तिथून वळवायचा बेत सोडा आणि सरळ बाहेर काढा.

उतारावरचे चेंडू वेगळी गोष्ट आहे. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे ओढला जातो, खाली असेल तर उजवीकडे, आणि लॉफ्ट जितका जास्त तितकं जास्त. तिथे तुमचं वळण आणि उताराचं वळण एकाच बाजूचं असेल तर रोख दुप्पट बाजूला धरावा लागतो. दोन्ही उलट असतील तर बहुतेक चेंडू सरळ जातो, आणि आयुष्यातला सगळ्यात सरळ फटका तुम्ही तिरक्या जमिनीवर मारता.

मग मुद्दाम वळवायचं तरी कधी?

माझ्या मते फार थोड्या वेळा. वाटेत अडथळा असेल आणि बाजूला साधा चेंडू काढण्यात एक फटका वाया जाणार असेल, तेव्हा. ज्या डॉगलेगचं, म्हणजे मधेच वळणाऱ्या होलचं, वळण तुमच्या वळणाच्या बाजूचं आहे, तिथे तर तुमचा नेहमीचाच फटका मारायचा असतो, त्यात वेगळं काही करायला नको. उलट्या डॉगलेगला लोक दुसरं वळण काढायला जातात आणि तिथेच कार्डावर सात लागतात. तिथे छोटा क्लब घ्या आणि कोपऱ्यापर्यंत जा.

झेंडा कडेला आहे म्हणून उलटं वळण काढणं हा हौशी खेळाडूचा सगळ्यात महागडा शौक. पीजीए टूरवरचे लोक ड्रायव्हरने साधारण 60 टक्क्यांच्या आसपासच फेअरवे गाठतात. त्यांचा हात एवढाच भरवशाचा असेल तर आपण झेंड्याच्या डाव्या-उजव्याचा विचार कशाच्या जोरावर करायचा? ग्रीनचा मध्य धरा.

बाजूचा वारा असेल तर चेंडू वाऱ्यावर सोडून द्या. वाऱ्याविरुद्ध वळवून त्याला हवेत धरून ठेवणं दिसायला सुंदर आहे, पण त्यात वळण थोडं कमी पडलं की चेंडू वाऱ्याबरोबर वाहत जातो. आजचे चेंडू तसेही पूर्वीइतके वळत नाहीत. 2000 साली प्रो व्ही1 हा चेंडू आला आणि दोरा गुंडाळलेले मऊ चेंडू गेले. ड्रायव्हरवर हे नवे चेंडू कमी फिरतात. जुन्या लोकांच्या वळणांच्या गोष्टी ऐकताना त्यांच्या हातात चेंडू कोणता होता हेही लक्षात ठेवावं.

कोर्सवर गेल्यावर परत तेच व्हायला लागलं तर

चेंडूच्या मागे उभं राहा. निघायची रेषा ठरवा, आणि त्या रेषेवर चेंडूच्या पुढे हात-दीड हातावर गवताचं एखादं पातं किंवा जुना डिव्हट (क्लबने गवत उखडलेली जागा) बघून ठेवा. फेस त्यावर लावा. लांबच्या झेंड्याकडे बघून फेस लावणाऱ्याचा फेस बहुधा आपल्या कल्पनेपेक्षा उजवीकडे असतो. मग पाय. क्रम उलटा करू नका: पाय आधी लावले की फेस त्यांच्या मागे फरफटत जातो.

चेंडू चुकला तर पुढच्या टीपर्यंत काहीही दुरुस्त करायचं नाही. खिशातल्या कार्डाच्या कडेला दोन अक्षरं लिहा: निघाला उ, स किंवा डा, वळला उ, स किंवा डा. अठरा होलनंतर ती यादी बघा. वळणाच्या रकान्यात एकच अक्षर जास्त वेळा असेल आणि निघण्याच्या रकान्यात मात्र खिचडी असेल, तर मार्ग ठीक आहे आणि फेस डगमगतोय. पकड बघा, आणि शेवटच्या काही होलला थकून हात घट्ट झाले होते का ते आठवा. निघण्याचं अक्षर एकच आणि वळणाची खिचडी, असं असेल तर फेस ठीक आहे, मार्ग किंवा चेंडू फेसवर लागायची जागा बदलतेय. तेव्हा मार्कर काढा आणि चेंडूवर ठिपका काढून सुरुवातीचे दहा फटके पुन्हा मारा. दोन्ही रकान्यांत खिचडी असेल, तर ज्या फटक्यापासून ती सुरू झाली तो शोधा. माझ्या कार्डांवर तो दर वेळी एखाद्या वाईट चुकीनंतरचा, ‘आता जरा सरळच मारू’ म्हणून मारलेला निघालाय.